ईएफ ६०%, तरीही धाप : उतारवयातल्या ताठर धमन्या आणि हार्ट फेल्युअर

सायली_क

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असलं की इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट कधी ना कधी हातात येतोच. सगळ्यांची नजर आधी ईएफवर (इजेक्शन फ्रॅक्शन : कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं) जाते. साठ टक्के दिसलं की 'हृदय ठणठणीत' म्हणून फाईल कपाटात. इकडे जिना चढताना धाप, झोपताना दोन उशा, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ. त्याला उत्तर एकच, "वय झालं."

माझं मत असं की या वयातल्या हार्ट फेल्युअरमध्ये (म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, ते शरीराला पुरं न पडणं) आपण हृदयाकडेच बघत बसतो, आणि ते ज्या धमन्यांत रक्त ढकलतं त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटांची ईएफ ५० टक्के किंवा वर असते. त्यात वयस्कर जास्त, बायका जास्त, आणि बहुतेकांच्या मागे वर्षानुवर्षांचा रक्तदाब. हा योगायोग वाटत नाही.

जाणकारांनी लिहावं : धमन्या ताठर झाल्या आहेत हे घरच्यांना कशावरून कळेल? ताठरपणा मागे फिरतो का? घरी नेमकं काय मोजायचं? 'अमक्याने तमकं घेतलं आणि बरा झाला' छाप प्रतिसाद कृपया नकोत. दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं लिहा.

स्पंदन

चांगला विषय. मुळापासून सांगतो.

एका ठोक्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा सुमारे ७० मिलि रक्त महाधमनीत टाकतो. तरुण महाधमनी त्या क्षणी फुगते, त्यातलं बरंचसं रक्त पोटात ठेवून घेते आणि हृदय सैलावलं की आकसून ते पुढे ढकलते. म्हणून ठोका थांबून थांबून पडत असला तरी पुढचा प्रवाह चालू राहतो. स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्येच याची तुलना आग विझवायच्या बंबातल्या हवेच्या टाकीशी केली होती : दांडा खालीवर होतो, पाण्याची धार मात्र सलग राहते.

हे फुगणं-आकसणं होतं इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाच्या तंतूंमुळे. इलॅस्टिन बनतं ते मुख्यतः लहानपणी. नंतर शरीर ते जवळजवळ बनवत नाही. अब्जावधी ठोक्यांनंतर तंतू तुटतात, त्यांची जागा कडक कोलॅजन घेतं, मधल्या थरात कॅल्शियम बसतं. मधुमेह, किडनीचा आजार, तंबाखू आणि ताब्यात न ठेवलेला रक्तदाब हे सगळं लवकर घडवून आणतात.

आता परिणाम बघा. नाडीची लाट तरुण महाधमनीतून सेकंदाला ५-६ मीटर वेगाने जाते. १० मीटरच्या वर गेली की धमनी ताठर धरतात. ही लाट पुढच्या फाट्यांवर आपटून परत येते. तरुणपणी ती परत पोचते तेव्हा हृदय सैल झालेलं असतं, आणि ती उलट हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त पुरवायला मदत करते. म्हातारपणी ती लवकर येते, हृदय अजून रक्त ढकलत असताना. म्हणजे डाव्या कप्प्याला परत आलेल्या लाटेविरुद्ध जोर लावावा लागतो, आणि हृदयाच्या त्याच रक्तवाहिन्या (कॉरोनरी धमन्या) ज्या वेळी भरतात त्या वेळचा दाब घसरलेला असतो. काम जास्त, पुरवठा कमी. कप्प्याची भिंत जाड होते, सैल पडायला वेळ लावते, आत भरताना दाब वाढतो. तो दाब मागे डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) आणि तिथून फुप्फुसांत जातो. धाप तिथून येते.

टिपकागद

म्हणजे १६०/७० हे १६०/९५ पेक्षा बरं नाही? खालचा आकडा कमी म्हणून सगळे खूश असतात.

स्पंदन

@टिपकागद, साठीनंतर नाही. वरचा आकडा तोच असेल तर खालचा जितका खाली तितका धोका जास्त. दोन्हींतला फरक बघायचा. १६० उणे ७० म्हणजे ९०. वयस्करांत हा फरक सातत्याने ६० च्या वर राहिला तर मोठ्या धमन्या ताठर झाल्या असं समजायला हरकत नाही. पन्नाशी-साठीनंतर वरचा चढत जातो आणि खालचा आपोआप उतरू लागतो. औषधाने उतरला असं वाटतं, पण पुष्कळदा तो ताठरपणाने उतरलेला असतो.

केशिका

सायलीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं हे घरगुती उत्तर झालं, पण एक पुस्ती. फरक मोठा आहे म्हणजे ताठर धमन्याच, असं नाही. महाधमनीची झडप गळत असेल, रक्त खूप कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल, ताप असेल किंवा नाडी फार मंद असेल तरी फरक वाढतो. उलट महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर कधी फरक कमी दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून एकदा छातीला स्टेथोस्कोप आणि एक साधं रक्ततपासणीचं पान, हे हवंच.

मोजपट्टी

आकड्यावरून एवढा अर्थ काढायचा तर आकडा खरा हवा. घरच्या मोजण्यात ज्या चुका नेहमी दिसतात त्या अशा.

यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ, लहान असतो. दंड जाड आणि कफ नेहमीचा, की आकडा खोटा वाढतो. कफच्या आतल्या पिशवीने दंडाचा साधारण ८० टक्के घेर झाकला पाहिजे. दंडाचा घेर टेपने मोजा आणि कफवर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून बघा. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून २-३ सेंमी वर. बाहीवरून बांधू नका, आणि बाही वर सरकवून दंडाला करकचून काच बसत असेल तर तेही नको.

हात लोंबकळत असतो. दंड हृदयाच्या पातळीच्या १० सेंमी खाली असेल तर आकडा ७-८ ने वाढतो. हात टेबलावर टेकवा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी. पाठीला आधार, तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं; टीव्ही बंद आणि शेजारी बसून गप्पा मारणाराही बंद. 🙂 अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी तुंबलेली असताना मोजू नये.

डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळी गोळ्या घेण्यापूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ म्हणजे वाढलेला. पहिल्यांदा दोन्ही हातांचा मोजा. पुढे ज्याचा जास्त येतो तोच हात धरा. दोन्हींत सतत १५-२० चा फरक येत असेल तर सांगा, एका हाताची धमनी अरुंद झालेली असू शकते.

नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर यंत्राचा एकच आकडा विश्वासाचा नाही. तीनदा मोजून सरासरी घ्या.

रानवारा

मोजपट्टी, हा प्रतिसाद छापून यंत्राच्या डब्यात ठेवायला हवा.

औषधपेटी

त्यात उभं राहून मोजणं जोडा. वयस्करांत हे वगळलं की पुढचं सगळं चुकतं. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. ताठर धमनीला दाबातला बदल नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे एकाच माणसाचा बसून १७० आणि उभं राहून १३० येऊ शकतो. बसलेला आकडा बघून गोळी वाढवली की पहाटे बाथरूमच्या वाटेवर पडणं, आणि खुब्याचं हाड. मोजताना शेजारी कुणीतरी उभं राहा.

भास्कर_७१

म्हणूनच माझं म्हणणं, ऐंशीच्या पुढच्यांचा रक्तदाब फार उतरवू नये. दीडशे असला तर असू द्यावा. मेंदूला, किडनीला दाब लागतो.

स्पंदन

भास्करराव, पूर्ण असहमत. हायव्हेट चाचणी (२००८) ऐंशी आणि पुढच्या ३,८४५ जणांवरच झाली होती. औषधं रक्तदाबाची : इंडापमाइड, गरज पडल्यास पेरिंडोप्रिल, लक्ष्य १५०/८०. हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी झालं. त्याआधी १९९१ ची शेप चाचणी : फक्त वरचा आकडा वाढलेले साठीपुढचे लोक, औषध क्लोरथॅलिडोन, आणि हार्ट फेल्युअर जवळपास निम्म्यावर. आयुष्याच्या या टप्प्यावर हार्ट फेल्युअर टाळायला रक्तदाब आटोक्यात ठेवण्याइतका पक्का पुरावा दुसऱ्या कशाचा क्वचितच आहे.

भास्कर_७१

हायव्हेटचं लक्ष्य १५० च होतं ना? मग मी काय वेगळं म्हणालो? त्यात घेतलेले लोक त्या मानाने धडधाकट होते, हेही सांगा.

औषधपेटी

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. स्प्रिंट चाचणीत (२०१५) वरच्या आकड्याचं लक्ष्य १२० च्या खाली होतं आणि पंचाहत्तरीपुढच्या २,६३६ जणांनाही फायदा झाला. पण त्यात मधुमेही नव्हते, वृद्धाश्रमात राहणारे नव्हते, आणि उभं राहून एक मिनिटाने वरचा आकडा ११० च्या खाली जाणारेही नव्हते. शिवाय तिथलं मोजणं शांत बसवून, यंत्राने, तीनदा. दवाखान्यातल्या घाईतल्या आकड्याला ते लक्ष्य लावलं की औषध जास्त होतं.

वयाच्या आकड्यावरून ठरवू नये, माणसावरून ठरवावं. स्वतः चालणारा, उभं राहूनही दाब टिकणारा ८२ वर्षांचा माणूस १३० पर्यंत सहज आणता येतो. खुर्चीतून उठायला दोन माणसं लागणाऱ्या, वारंवार पडणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईंचं गणित वेगळं. गोळ्या कमी मात्रेत सुरू करायच्या, दर बदलानंतर २-४ आठवडे थांबायचं, आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) बघायचं. क्लोरथॅलिडोन-इंडापमाइडने सोडियम उतरतं आणि म्हातारं माणूस अचानक बरळायला लागतं. घरचे त्याला विसराळूपणा समजतात.

भास्कर_७१

हे मान्य. उभं राहूनचा मुद्दा माझ्या बोलण्याचा गाभा होता.

केशिका

पायांच्या सुजेबद्दल लिहिते, कारण त्यावरून सर्वांत जास्त चुकीची औषधं दिली जातात.

नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहिला तर तिथे पाणी साठलं आहे. दोन्ही पायांवर आहे की एकाच? एकाच पायावर अचानक, दुखऱ्या पोटरीसकट, तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी शिरेतल्या गुठळीसाठी दाखवा.

दोन्हींवर असेल तर गोळ्यांची यादी काढा. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध धमनी सैल करतं पण शीर तितकी नाही, म्हणून केशिकांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. ही सूज सगळ्या शरीरात पाणी जास्त झाल्याची नव्हे, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं हाच उपाय. प्रत्यक्षात होतं काय, तर अ‍ॅम्लोडिपिनच्या सुजेवर फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी), त्याने पोटॅशियम उतरलं म्हणून आणखी एक गोळी, आणि मूळ औषध तसंच चालू. प्रेगॅबॅलिन (नसांच्या दुखण्याचं) आणि पायोग्लिटाझोन (मधुमेहाचं) या औषधांनीही सूज येते. यातलं पायोग्लिटाझोन हार्ट फेल्युअरमध्ये वर्ज्यच.

आणखी एक. सुजेवर घट्ट मोजे घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली म्हणजे पायाची धमनी अरुंद. फार खाली असेल तर घट्ट मोजा पायाचं रक्तच तोडतो. गुणोत्तर १.४ च्या वर आलं तर आनंद नको. धमनीत इतकं कॅल्शियम आहे की कफने ती दाबलीच जात नाही. मधुमेही वयस्करांत हे हमखास दिसतं. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

टिपकागद

मग नाडीच्या लाटेचा वेग मोजणारी ती तपासणी सगळ्यांनी करून घ्यावी का? जाहिराती तर खूप दिसतात.

स्पंदन

माझ्या मते नको. ७५ वर्षांच्या, १६५/७० दाबाच्या माणसाच्या धमन्या ताठर आहेत हे सांगायला यंत्र लागत नाही, आणि आकडा ११ आला काय नि १३ आला काय, औषध तेच.

मोजपट्टी

इथे थोडा वेगळा विचार करतो. पन्नाशीच्या आत-बाहेर, रक्तदाब काठावर, घरात हार्ट फेल्युअरचा इतिहास, अशा वेळी १० च्या वरचा वेग कळला तर उपचार लवकर सुरू करायला बळ मिळतं. मोजायचं तर मान ते जांघ असंच, पडून, शांतपणे. बोटाला चिमटा लावून 'धमन्यांचं वय' सांगणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नका.

रानवारा

इकोच्या रिपोर्टमध्ये ईएफखेरीज काय वाचायचं? 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन' लिहिलेलं असतंच, आणि घरात घबराट.

स्पंदन

ग्रेड १ साठीनंतर इतक्या जणांत दिसतो की तेवढ्यावरून हार्ट फेल्युअर म्हणता येत नाही. त्याचा अर्थ कप्पा सावकाश सैल होतो, एवढाच. पुढच्या ओळी वाचा.

डाव्या कर्णिकेचं आकारमान : शरीराच्या क्षेत्रफळाला भागून ३४ च्या वर असेल तर त्या कर्णिकेने बराच काळ जास्त दाब सोसलेला आहे. हा आकडा एका दिवसात बदलत नाही, म्हणून मला तो सर्वांत बोलका वाटतो. ई भागिले ई-प्राइम (रक्त कप्प्यात शिरण्याचा वेग भागिले कप्पा सैल होण्याचा वेग) : सरासरी १४ च्या वर म्हणजे भरण्याचा दाब वाढलेला, ९ ते १४ मध्ये संदिग्ध. ट्रायकस्पिड झडपेच्या गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर म्हणजे फुप्फुसातला दाब वाढलेला असण्याची शक्यता. भिंतीची जाडी १२ मिमी किंवा जास्त म्हणजे जाड.

आणि हा इको निवांत पडून केलेला असतो. पुष्कळांचा दाब चालतानाच वाढतो. निवांत इको चांगला आणि धाप खरी, असं असेल तर व्यायाम करवून इको किंवा तसंच काही करावं लागतं.

केशिका

सोबत एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणाऱ्या रसायनाची रक्ततपासणी. स्थिर पेशंटमध्ये १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. पण स्थूल माणसात हा आकडा फसवा कमी येतो, आणि उतारवयात, किडनीच्या आजारात, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदय फेल नसतानाही वर राहतो. तीव्र धाप घेऊन आलेल्या पंचाहत्तरीपुढच्या माणसात हार्ट फेल्युअर म्हणायला १८०० ची रेषा वापरतात ती म्हणूनच.

भिंत जाड आहे असं लिहिलं असेल तर ईसीजी शेजारी ठेवा. रक्तदाबाने जाड झालेल्या भिंतीचा ईसीजी सहसा उंच-उंच लाटांचा असतो. भिंत जाड आणि ईसीजीच्या लाटा खुज्या, त्यात दोन्ही मनगटांत दबलेल्या नसेचं (कार्पल टनेल) ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं, दंडाचा स्नायुबंध आपोआप तुटलेला, आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब 'आपोआप बरा' झालेला : हे सगळं ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडकडे (हृदयाच्या भिंतीत बिघडलेलं प्रथिन साठण्याच्या आजाराकडे) बोट दाखवतं. वयस्कर पुरुषांत जास्त. पायरोफॉस्फेट स्कॅन आणि त्याबरोबरच रक्त-लघवीत लाइट चेनची (दुसऱ्या प्रकारच्या अमायलॉइडमधल्या प्रथिनाची) तपासणी, दोन्ही हवं. नुसत्या स्कॅनवर निदान करू नये. त्यावरच्या टाफामिडिस या औषधाचा उपयोग २०१८ च्या चाचणीत दिसला आहे, पण लवकर सुरू केलं तर. अशा पेशंटला डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही रक्तदाब-नाडीची औषधं सोसत नाहीत.

औषधपेटी

औषधांकडे वळतो. ईएफ ४० किंवा खाली असेल तर चार औषधांची चौकट ठरलेली आहे. ईएफ ५० च्या वर असलेल्यांना मात्र फार काळ काही हाती लागत नव्हतं. चित्र बदललं ते एम्पाग्लिफ्लोझिन (२०२१) आणि डापाग्लिफ्लोझिन (२०२२) या मूळच्या मधुमेहाच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांनी. रोज १० मिलिग्रॅम, मात्रा वाढवायची भानगड नाही, मधुमेह नसला तरी चालतं. मुख्य फायदा दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येण्यात, आणि तो काही आठवड्यांतच दिसू लागतो. २०२४ मध्ये फिनेरेनोन या आणखी एका औषधाचीही चाचणी अनुकूल आली.

या दोन ग्लिफ्लोझिनांपैकी एखादं घेताना काय बिघडतं : लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग (स्वच्छता, कोरडेपणा, लाजून लपवू नका), सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढणं (घाबरून बंद करू नये), आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल तर पाणी फार उतरणं. उलट्या, जुलाब, जेवण बंद अशा आजारपणात ती थांबवायची, नीट खाऊ-पिऊ लागल्यावर परत. ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद. कारण कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं), आणि त्यात साखर फार वाढलेली नसल्याने तो लक्षातच येत नाही.

रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्या मात्र धाप कमी होईल म्हणून देऊ नयेत. चांगल्या ईएफवाल्यांत २०१५ मध्ये हे तपासलं गेलं. लोक जास्त हिंडायच्या ऐवजी कमी हिंडू लागले. नाडी मंदावणाऱ्या बीटाब्लॉकर गोळीलाही वेगळं कारण हवं, म्हणजे अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा एट्रियल फिब्रिलेशन. काहींची नाडी चालताना वाढतच नाही, त्यांना बीटाब्लॉकरने आणखी थकवा येतो. पण स्वतःहून एकदम बंद करणं धोक्याचं, ते डॉक्टरांनी हळूहळू कमी करायचं.

टिपकागद

लघवीची गोळी रोज हवी का? काही जण बाहेर जायचं म्हणून सोडतात.

औषधपेटी

सोडू नका, वेळ सरकवा. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास. सकाळी बाहेर जायचं असेल तर परतल्यावर घेतली तरी चालते. फक्त संध्याकाळनंतर नको, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात पडणं. आतड्यांना सूज असली की फ्युरोसेमाइड नीट शोषलं जात नाही, टॉर्सेमाइड ही दुसरी लघवीची गोळी बरी शोषली जाते. पण दोघांची समोरासमोर चाचणी झाली तेव्हा मृत्यूंत फरक दिसला नाही.

ताठर कप्प्याच्या माणसात हद्द अरुंद असते. पाणी थोडं जास्त झालं की फुप्फुसात, थोडं कमी झालं की कप्पा भरतच नाही आणि रक्तदाब पडतो. म्हणून 'सूज दिसली, दुप्पट कर' हे घरी करायचं काम नाही, जोवर डॉक्टरांनी किती वजनाला किती गोळी हे लिहून दिलेलं नाही.

मोजपट्टी

आणि त्यासाठी वजन. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, तशाच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ म्हणजे ते पाणी आहे, चरबी इतकी झपाट्याने चढत नाही. सूज दिसायच्या आधी वजन बोलतं. 'कोरडं वजन' (जास्तीचं पाणी नसतानाचं) किती ते डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मात्र महिनोन्महिने आजारी असलेल्याचे स्नायू झिजतात. वजन तेच राहून आतलं पाणी वाढलेलं असू शकतं. दर दोन-तीन महिन्यांनी कोरडं वजन पुन्हा ठरवा.

रानवारा

पाणी दिवसाला एक लिटरच, असं अनेकांना सांगितलेलं असतं. बिचारे तहानेने व्याकूळ.

केशिका

स्थिर पेशंटला त्याची गरज नाही. २०२५ मध्ये याची तुलना प्रसिद्ध झाली : दीड लिटरची मर्यादा विरुद्ध मोकळीक. मर्यादेने फायदा दिसला नाही, तहान मात्र वाढली. सोडियम फार उतरलेलं असेल किंवा नुकतंच पाणी साठून भरती झालेली असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

भास्कर_७१

मिठाचंही तसंच म्हणायचं का?

केशिका

नाही हो. मिठाच्या बाबतीत फक्त टोक गाठायची गरज नाही. दिवसाला सोडियम १,५०० मिलिग्रॅमच्या खाली आणून २०२२ च्या चाचणीत भरती किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. पण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २ ग्रॅम सोडियम, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाळावीच. ताठर धमनीत मिठाने रक्तदाब जास्त चढतो. जेवणच बेचव करून म्हाताऱ्या माणसाचं खाणं तोडू नका, वजन घटणं त्यांना जास्त महागात पडतं.

लपलेलं मीठ शोधा. पाण्यात फसफसून विरघळणारी पॅरासिटामॉलची गोळी : एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ. दिवसाला चार घेतल्या की संपलं. आणि 'कमी सोडियमचं मीठ' म्हणजे पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ. स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल या रक्तदाब-हृदयाच्या औषधांपैकी काही चालू असेल किंवा किडनी अधू असेल तर ते घरात आणूच नका. पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका थांबू शकतो.

औषधपेटी

+१. त्याच यादीत गुडघेदुखीच्या गोळ्या : डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब. मीठ-पाणी अडवतात, रक्तदाब वाढवतात, आणि लघवीची गोळी व रामिप्रिल-टेल्मिसार्टनच्या गटातल्या औषधाबरोबर आल्या की किडनी बसते. स्थिर पेशंट अचानक पाणी साठून आला तर मी आधी हेच विचारतो. साधं पॅरासिटामॉल, लावायचं मलम, फिजिओथेरपी.

सायली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या : ताठरपणा मागे फिरतो का, आणि ईएफ ६० असून धाप कशी, याचं गणित.

स्पंदन

गणित आधी. ईएफ म्हणजे आत असलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडलं. नेहमीच्या कप्प्यात १२० मिलि भरतं, ७२ बाहेर जातं : ६० टक्के. जाड, ताठर कप्प्यात ८० च भरतं, ४८ बाहेर जातं : तेही ६० टक्केच. टक्के सारखे, रक्त मात्र एकतृतीयांश कमी. आणि ते ८० मिलि भरतानाही दाब जास्त लागला. चालताना नाडी वाढली की भरायला वेळ आणखी कमी. त्यातच एट्रियल फिब्रिलेशन झालं तर कर्णिकेचा शेवटचा ढकलाही गेला, जो ताठर कप्प्याला सर्वांत जास्त हवा असतो. आदल्या दिवसापर्यंत हिंडणारा माणूस त्या दिवसापासून पडून राहतो, ते यामुळे.

आता ताठरपणा. तुटलेलं इलॅस्टिन परत येत नाही, बसलेलं कॅल्शियम निघत नाही. पण सगळा ताठरपणा तेवढाच नसतो. धमनीच्या भिंतीतला स्नायू किती आवळलेला आहे आणि आतलं अस्तर किती नायट्रिक ऑक्साइड सोडतं, हा भाग बदलता येतो. रक्तदाब उतरला की ताण उतरतो आणि तीच धमनी कमी ताठर वागते. तंबाखू सोडणं, मीठ कमी करणं, स्थूल असल्यास वजन उतरवणं, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार, हे सगळं त्या बदलत्या भागावर काम करतं.

रानवारा

आणि व्यायाम?

केशिका

व्यायाम हवाच, पण कारण वेगळं. वयस्कर हार्ट फेल्युअरमध्ये व्यायामाने महाधमनी फारशी मऊ होत नाही. दमखम मात्र नक्की वाढतो, कारण पायांचे स्नायू आलेला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात. २०१६ मध्ये साठीपुढच्या स्थूल पेशंटांत आहार कमी करणं आणि चालण्याचा व्यायाम दोन्ही तपासले, २० आठवडे. दोन्हींनी दम वाढला, एकत्र केल्यावर आणखी.

सुरुवात सपाट जमिनीवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकाच वेग. दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवत सलग ३० मिनिटांपर्यंत. शेवटची पाच मिनिटं हळू. एकदम थांबलं की रक्तदाब पडतो. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठ-बस, ८-१० वेळा, उठताना श्वास सोडत. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. बीटाब्लॉकर चालू असेल तर नाडीचा आकडा धरू नका, दम किती लागतो ते धरा. वजन वाढत असताना, बसल्या जागी धाप असताना किंवा छातीत दुखत असताना व्यायाम बंद, डॉक्टर आधी.

सायली_क

शेवटचं विचारते. रात्री अचानक धाप लागून उठले, तर मदत येईपर्यंत घरच्यांनी काय करायचं?

औषधपेटी

आडवं करू नका. पलंगाच्या कडेला ताठ बसवा, पाय खाली सोडून, हात पुढे टेबलावर किंवा उशीवर. त्याने पायाकडचं रक्त लगेच परत येत नाही आणि फुप्फुसांवरचा ताण थोडा उतरतो. खिडकी उघडा, गळ्याजवळचे कपडे सैल. रुग्णवाहिका बोलवायला ऑक्सिमीटरच्या आकड्याची वाट बघू नका : वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, फेसाळ गुलाबी थुंकी येत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल तर लगेच फोन. पाणी पाजत बसू नका, झोपेची गोळी देऊ नका, शेजाऱ्याची जिभेखालची गोळी देऊ नका. रक्तदाब आधीच पडलेला असेल किंवा झडप अरुंद असेल तर ती घातक ठरते.

सोबत वजनाची-रक्तदाबाची वही, चालू गोळ्या पाकिटांसकट, आणि शेवटचा ईसीजी व इको न्या. जुना ईसीजी हाताशी असला की नवीन बदल कोणता हे तिथल्या डॉक्टरांना मिनिटभरात कळतं.